न उचललेला भंडारा

मी एक जुनी घोंगडी आहे. मला कसर लागली आहे, मधोमध भोक पडलं आहे, आणि हल्ली आजारी कोकरांच्या अंगाखाली माझी जागा असते. मित्रांनो, हे तुम्हाला कीव यावी म्हणून सांगत नाही. राग यावा म्हणून सांगते.

आटपाडीच्या माळावर बिराप्पा धनगरानं मेंढरं कातरली, त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, चालता चालता लोकरीचं सूत काढलं. सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताठ केलं. अशी मी झाले. काळी, जड, टोचरी.

आमच्याकडे घोंगडी म्हणजे नुसतं पांघरूण नव्हे. भांडण झालं की बिरोबाच्या देवळापुढे घोंगडी अंथरतात, पंच तिच्यावर बसतात आणि मधे भंडारा ठेवतात. भंडारा म्हणजे देवाची हळद. ज्याचं म्हणणं खरं, त्यानं ती मुठीत उचलायची. खोट्यानं उचलली तर घर बुडतं, असं सगळे मानतात. म्हणून एकदा भंडारा उचलला की पुढे कुणी बोलत नाही.

बिराप्पाचा थोरला धुळा मॅट्रिक झाला आणि मला खांद्यावर टाकून सांगलीच्या कॉलेजात गेला. साल एकोणीसशे एकसष्ट. विश्रामबागेकडच्या बोर्डिंगात पोरं नाकाला रुमाल लावायची.

"धुळा, मेंढरं कुठं बांधलीस रं? वास तर हितंच येतोय."

"तुझ्याच कॉटखाली. रातची वरडली तर ओ दे."

तर्कशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात धुळ्यानं आवटी सरांना भर तासाला अडवलं. वर्ग हसला. सर फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हसू नका. त्याचं बरोबर आहे, मीच घाई केली." वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, धुळ्याला आजवर प्रश्नाचं उत्तर म्हणून थोबाडीतच मिळाली होती. त्या संध्याकाळी तो माझ्यावर पालथा पडून उगाच हसत होता. तत्त्वज्ञान घेऊनच बी.ए. व्हायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवलं.

पुढं त्याचं काय होणार, असं सगळे विचारत. तलाठी करतात का, फौजदार करतात का. बाकीच्या पोरांनी हळूहळू विषय बदलले आणि शेवटच्या वर्षाला तो एकटाच उरणार होता. हा पोरगा आला नाही तर वर्ग बंद करू, असं प्राचार्यांनी सरांना सांगून टाकलं होतं. सर त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "जे तुला माहीत नाही, ते माहीत आहे असं म्हणू नकोस. एवढं जमलं तरी पुष्कळ शिकलास." थंडीत मला डोक्यावरून घेऊन धुळा ते घोकायचा. मीही ऐकायची.

त्या वर्षाआधीच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरी आलो तेव्हा बिराप्पा खवळलेला होता. त्याचा टकरीचा मेंढा नाहीसा झाला होता आणि त्याचा संशय शेजारच्या गुंडा नावाच्या धनगरावर होता. पंच बसले. अंथरलं मलाच. बिराप्पानं स्वतः भंडारा उचलला असता तर तिथंच मिटलं असतं. पण पोराचा त्याला भारी अभिमान. भरल्या बैठकीत तो बोलून गेला, "माझा शिकलेला ल्योक उचलंल."

धुळा पुढे झाला. हात पुढे केला नाही.

"आबा, मेंढा गेला तवा मी सांगलीत हुतो. मी काय बघितलं?"

"मी सांगतोय की. बापानं सांगितलं म्हंजी बघितल्यागतच."

म्हातारे पंच नानासो हसले. "लेका, एवढं बी शिकवत न्हाईत व्हय तुझ्या कॉलेजात?"

"गुंडाकाका चोर हाय, असं मी म्हणत न्हाई. न्हाई, असं बी म्हणत न्हाई. मला म्हाईत न्हाई."

"उचल बाबा," लांबून बाळाबाई म्हणाली. "द्येव माफ करतो."

बिराप्पाचा आवाज एकदम खाली आला. "उचललास तर उद्याच्या गाडीनं सांगलीला जा. न्हाई तर सांगली बंद."

माझ्या टोकावर धुळ्याचे पाय होते. ते जागचे हलले नाहीत. पंच उठले. गुंडा सुटला. बिराप्पानं मला झटकलं आणि पोराच्या हातात मेंढरं हाकायची काठी दिली. "आता हितंच बस, म्हाईत न्हाई म्हणत."

कॉलेज उघडलं तरी धुळा आला नाही, तेव्हा आवटी सर एस.टी.नं आटपाडीला आले आणि माळ तुडवत वाड्यावर पोचले. बिराप्पानं त्यांना मानानं माझ्यावर बसवलं, दूध दिलं आणि म्हणाला, "मास्तर, बापासाठी हात हलंना, असं काय शिकिवलंत ह्येला? भंडारा उचलू द्या, आत्ता घिऊन जावा."

सरांनी धुळ्याला बाजूला घेतलं. सर उठताच धुळ्यानं मला खांद्यावर टाकलं होतं, म्हणून ऐकलं.

"उचल रे. एक मूठ हळद, काय होतंय? तुझं वर्ष वाचेल. वर्ग वाचेल."

धुळा एक पाऊल मागे सरकला. "सर, ह्ये तुमी सांगताय व्हय?"

सरांनी चपला घातल्या आणि आले तसे परत गेले. वर्ग बंद झाला. सर आता इंग्रजीचे तास घेतात म्हणे.

दिवाळीनंतर आमचा कळप वाईकडे जातो, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. कृष्णेच्या घाटावर एखादा शास्त्री देव आहे, आत्मा आहे असं सांगत असतो. धुळा लांब उभा राहून ऐकतो. विचारायला तो एक पाऊल पुढे टाकतो; वाटेत मी अजून त्याच्याच खांद्यावर असते, म्हणून मला कळतं. मग कुणीतरी म्हणतं, "ए, मेंढरं आवर तुझी." तो आवरतो. बी.ए.चं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. बापाशीही तो कामापुरतंच बोलतो.

गुंडानं कधी उपकार मानले नाहीत. धुळा दिसला की वाट बदलतो. मेंढा त्यानंच नेला होता म्हणून, की नुसती लाज वाटते म्हणून? मला माहीत नाही. मी जनावराच्या लोकरीची, तरी एवढं म्हणायला शिकले. पंचांना जमलं नाही, बापाला जमलं नाही, आणि शिकवणाऱ्यालाही शेवटी निभलं नाही.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. कसर लागलेली लोकर सांधता येत नाही. पण उद्या तुमच्यातलं एखादं पोर भरल्या बैठकीत "मला माहीत नाही" म्हणालं, तर हसू नका. त्याच्या हातात काठी देऊ नका. सरका थोडं, आणि त्याला बसायला काहीतरी अंथरा.