रोबोची पाठ

रोबो जपानी होता. त्याला कोरियन करायचं काम आमच्याकडे होतं. चुंगमुरोतल्या आमच्या कार्टून-स्टुडिओच्या भिंतीला जपानी मासिकाचं एक पान डकवलेलं होतं. जपानी मासिकांना तेव्हा बंदी होती, ती चोरूनच येत. पानावर रोबो समोर तोंड करून उभा. आमच्या चित्रकार ब्योनदादांनी त्याची शिंगं खोडली, छातीवर वाघ बसवला. आम्ही रंगवणाऱ्या बायकांनी त्याला निळा केला. झाला आमचा.

शेवटच्या दृश्यात तो पुरात बुडालेल्या गावातून डोंगराकडे निघून जातो. तिथेच घोडं अडलं. पानावर त्याची पाठ नव्हती.

"पाठ कोण बघतंय? ओढ चार रेघा," दिग्दर्शक थाक म्हणाले.

ब्योनदादांनी पेन्सिल खाली ठेवली. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या होत्या आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण समोर गिरवायला काही नसलं की तोच हात थिजायचा.

"साहेब, उलटा चालवू या का? तोंड आपल्याकडे, पावलं मागे."

"राजाच्या दरबारातून निघालाय का तो? उद्या दुपारपर्यंत पाठ दे, नाहीतर शेवट दुसऱ्याकडून काढून घेतो. मग पडद्यावर नावही त्याचंच."

थाक गेले. दादा कोऱ्या कागदासमोर बसून राहिले.

"दादा, वहिनी रुसल्या की काय दाखवतात तुम्हाला? तेच काढा," मी म्हणाले. बायका खिदळल्या. दादाही हसले, मग थांबले.

"प्यो, मला एकच पाठ येते. बाबांची. बाजारापर्यंत त्यांच्या मागूनच चालायचो."

त्यांनी पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवशी थाक ओरडले, "हे काय? चिगे? आकाशातून आलेला रोबो मोळीवाल्याची लाकडी चौकट पाठीला बांधणार? आणि वर हे घर कुणाचं?"

"शाळा आहे, साहेब. पाण्यात सोडून कसा जाईल तो?"

"लोक हसतील, मेल्या!"

पण बदलायला वेळ नव्हता. गेलं तसंच.

हिवाळ्याच्या सुट्टीत चित्रपट लागला. पोरं वाळवलेला माकूळ चघळत होती. रोबोचा तोच ठोसा पुन्हा आला की ओरडायची, "आला परत!" मी मान खाली घातली.

मग तो वळला.

एक गुडघा टेकला. खांदे पट्ट्यांत सरकवले. काठी जमिनीत रोवली आणि अख्खी शाळा पाठीवर घेऊन उठू लागला. गुडघे थरथरले. खिडक्यांतला पिवळा रंग माझाच होता. तळहाताएवढ्या चित्रांत मीच भरला होता. आता त्या खिडक्या माझ्या डोक्यावर घराएवढ्या उजळल्या होत्या आणि हळूहळू वर जात होत्या. चघळण्याचे आवाज थांबले होते. पुढच्या रांगेत थाकसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांभाळून रे, बाबा," कुणीतरी पुटपुटलं. ओझं घेऊन जाणाऱ्याला म्हणावं, तसं.

दादांच्या पलीकडे नातवाला घेऊन बसलेले एक म्हातारे होते. दिवे लागले तरी ते उठेनात. डोळे पुसून दादांना म्हणाले, "हा रोबो जपान्यांचा उचललाय म्हणतात. खरं का?"

"खरंय," दादा म्हणाले. "पण फक्त समोरून, आजोबा."