किलवार्नाच्या कोर्टाचा निरोप समारंभ

आमच्या जिल्हा वकील संघटनेचं बातमीपत्र दर महिन्याला सभासदांना जातं आणि ते कुणीही वाचत नाही. फोटो मात्र बघतात. आधी आपला आलाय का ते, मग दुसऱ्याचा का आलाय ते. ते बातमीपत्र मी काढायचे. सेक्रेटरी झाले ती काही हौसेनं नव्हे. त्या वर्षीच्या सभेला मी उशिरा पोहोचले, आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात हे पद घालायची आमच्याकडे पद्धत आहे.

बातम्या तरी काय असायच्या? अमक्याच्या ऑफिसात तमका भागीदार झाला. गोल्फचे सामने झाले, पावसात झाले, तरी मजा आली. नव्या कायद्यावर व्याख्यान झालं. तिथे हजेरीची सही ठोकून निम्मे लोक चहाच्या सुट्टीत पळाले, हे छापायचं नसतं. आणि वर्षाचं जेवण. त्यात बीफ ठेवायचं की सामन मासा, यावर आमच्या कार्यकारिणीत जेवढा खल व्हायचा तेवढा कुठल्या अशिलासाठी झालेला मी पाहिला नाही.

अध्यक्ष होता फर्गल डेव्हन. उंच, देखणा, सदा उन्हाळ्याच्या सुट्टीवरून आल्यासारखा तांबूस. बोलायला लागला की स्वतःच्याच आवाजावर खूश व्हायचा. त्याचं ऑफिस ड्रमशॅलीला, जिल्ह्याच्या मोठ्या गावात. आणि म्हणूनच किलवार्नाचं छोटं कोर्ट बंद करून सगळी कामं ड्रमशॅलीला नेणार, कुणाची हरकत असेल तर कळवा, असं सरकारनं विचारलं, तेव्हा तो विषय त्यानं सभेत गोल्फ आणि जेवणातली वाइन यांच्या मधे कुठेतरी घुसडला.

"ड्रमशॅलीला पार्किंगची छान सोय आहे," फर्गल म्हणाला. "कोर्ट नवीन, हीटर चालतात. मला वाटतं, आपण नोंद घेऊ आणि पुढे जाऊ."

"पुढे जाऊ," सगळे म्हणाले.

"मी नाही जात पुढे," मागून आवाज आला.

ॲट्रॅक्टा मुल्व्हिहिल बाई आल्या होत्या. किलवार्नातल्या एकुलत्या एक वकील. जिल्ह्यात वकिली करणारी पहिली बाई. ऐंशी उलटलेली, काठी टेकत चालणारी, पण जीभ अजून धारेवर. तरुणपणी त्यांना संघटनेच्या जेवणाचं बोलावणं यायचं ते सभासदांच्या बायकांच्या टेबलावर बसण्यासाठी. त्या कधीच गेल्या नाहीत. पुढे पद्धत बदलली, तरी गेल्या नाहीत.

"किलवार्नाहून ड्रमशॅलीला सकाळी एकच बस आहे," बाई म्हणाल्या. "नवरा मारतो म्हणून जी बाई कोर्टात जाईल, तिला त्याच बसनं जायचंय ना? आणि तिच्या नवऱ्यालाही. कोण कुठे बसणार, ते ठरवून द्या तेवढं."

फर्गल हसला. "टॅक्सी नावाची एक चीज असते, ॲट्रॅक्टाबाई."

"किंवा तिला पुढे बसवा नि त्याला मागे," दुसरा कुणीतरी म्हणाला, आणि त्यावर बाकीचे हसले. कोर्टात अशाच बायकांच्या वतीनं डोळ्यांत पाणी आणून बोलणारे लोक होते हे. पोटभर हसले, आणि वाइनकडे वळले.

हरकत गेली ती बाईंची एकटीची. खाली दुसरी सही माझी. सरकारनं पोच दिली, आभार मानले आणि कोर्ट बंद केलं.

इथपर्यंत मला नुसता राग होता. किळस पुढे आली. कोर्टाचं शेवटचं काम संपल्यावर पंधरवड्यानं फर्गलचा फोन आला.

"ब्रोना, मला एक कल्पना सुचलीये. निरोप समारंभ! त्याच जुन्या कोर्टात. एक युग संपलं, असं काहीतरी. खासदार यायला तयार आहेत, पेपरवालेही. आणि आपण ॲट्रॅक्टाबाईंचा सत्कार करू. कोरीव काचेचं मोठं भांडं देऊ. बातमीपत्रात तू लिही, संघटना शेवटपर्यंत लढली."

"कधी लढली?"

"अगं, भावना महत्त्वाची."

"भावना लिहिते मग. लढली असं नाही लिहिणार."

"बरं बाई, ते वाक्य मी घालतो," तो म्हणाला. आणि त्यानं घातलंही.

आमंत्रण द्यायला मी स्वतः ॲट्रॅक्टाबाईंच्या घरी गेले. बाई स्वयंपाकघरात ब्राउन ब्रेड कापत बसल्या होत्या. समोर एक बाई होती, चाळिशीची, बारीक, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकलेली. जणू कुणी ऊठ म्हणालं तर उठायला सोपं जावं. "ही कॉन्सेप्टा," बाई म्हणाल्या, "माझी अशील. चहा घेणार ना?"

मी कार्यक्रम सांगितला. बाईंनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता माझ्यासकट सगळ्यांची सालटी निघणार. त्या नुसतं म्हणाल्या, "सोबत कुणाला आणलं तर चालेल?"

"चालेल की."

"मग ही येईल. कॉन्सेप्टा, येशील ना गं?"

"मी? वकिलांच्यात?" ती बाई घाबरून म्हणाली. "मला काय बोलता येणारे तिथे?"

"खायला येतं ना? तेवढंच करतात ते."

समारंभाला मी आधी पोहोचले ते खुर्च्या मांडायला. साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर हॉटेलवाल्यानं सामनच्या तुकड्यांची ताटं रचून ठेवली होती. कारकुनाच्या टेबलावर वाइन. ज्या बाकावर लोक आपला नंबर यायची वाट बघत, नखं खात बसायचे, तिथे आता ओव्हरकोटांचा ढीग. हळूहळू मंडळी जमली. आरोपीच्या जागी उभं राहून एकमेकांचे फोटो काढणं सुरू झालं. "दोषी! दोषी!" असं ओरडून एकानं आपल्या बायकोचा फोटो काढला आणि तिला खूप हसू आलं. फर्गल न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून बघत होता, पेपरवाल्याचा कॅमेरा कुठे आहे.

बाई आल्या, मागे कॉन्सेप्टा. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण त्याच वेळी खासदारही आले.

फर्गल भाषणाला उभा राहिला. "मित्रहो, या भिंतींनी न्याय पाहिलाय," अशी सुरुवात झाली, तेव्हाच मी ओळखलं की हे लांबणार. संघटना वाघासारखी लढली. गरिबाच्या दारातलं कोर्ट गेलं. त्याचा आवाज भरून आला. खरंच आला. स्वतःच्याच थापेनं माणूस गहिवरला होता. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवला. "पण मी शब्द देतो. या गावातल्या कुणालाही ड्रमशॅलीच्या कोर्टात जायला गाडी नसेल, तर फर्गल डेव्हनच्या गाडीचं दार उघडं आहे!"

टाळ्या. खासदारांनी मान डोलावली. मग त्यानं काचेचं भांडं बाईंच्या हातात दिलं. फोटो झाला.

"दोन शब्द बोला, ॲट्रॅक्टाबाई. दोनच हं!" फर्गल म्हणाला, आणि लोक हसले.

"भाषण नाही करत," बाई म्हणाल्या. "फर्गलच्या गाडीचं तेवढं घेते. ही माझ्यासोबत आलेली बाई, हिला मंगळवारी ड्रमशॅलीच्या कोर्टात जायचंय. चर्चच्या फाटकाशी उभी राहील."

"अरे वा! आनंदानं!" फर्गल म्हणाला. कॅमेऱ्याकडे तोंड करून तो कॉन्सेप्टाजवळ गेला आणि त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "नाव काय तुमचं?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. भ्यायलेली नव्हती. चक्रावली होती.

"साहेब, तुम्ही मला ओळखलं नाही?"

"आपण भेटलोय?"

"त्या तिथे उभी होते मी," तिनं पिंजऱ्याकडे, सामनच्या ताटांकडे बोट केलं. "मार्चमध्ये. तुम्ही मला तीनदा खोटारडी म्हणालात. म्हणालात, जिन्यावरून पडली असेल. अर्धा दिवस माझ्याशी बोलत होतात. आणि तोंड आठवत नाही?"

फर्गलनं हात सोडला. तांबूस चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यानं वकिली आवाज काढला. "बाई, घरगुती छळाची प्रकरणं बंद दाराआड चालतात. त्यावर असं चारचौघांत बोलता येत नाही. कायद्यानं गुन्हा आहे तो."

"कसलं प्रकरण ते तिनं कुठे सांगितलं?" ॲट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "ते तू सांगितलंस, फर्गल. आत्ता. पेपरवाल्यांसमोर."

मला वाटलं होतं, आता तरी कुणी शरमेनं खाली बघेल. एकजण म्हणाला, "अध्यक्ष महाराज, विरुद्ध पक्षाला गाडीतून नेण्यात तांत्रिक अडचण दिसते!" आणि हशा पिकला. सुटल्यासारखे हसले सगळे. फर्गलही हसला. खासदारांना दुसरा कार्यक्रम आठवला. पेपरवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि सामनकडे वळला. एवढंच झालं. ज्या बाईचं तोंड आठवत नव्हतं, तिच्याकडे पाठ करून लोक पुन्हा ग्लास भरायला लागले.

बाईंनी काचेचं भांडं काखेत मारलं. "चल कॉन्सेप्टा."

"ते नेताय?" मी विचारलं.

"नेऊ नको तर काय? पन्नास वर्षं वर्गणी भरलीये. कोंबड्यांना पाणी ठेवायला बरं आहे."

बातमीपत्रात मी घडलं ते लिहिलं, चार ओळींत, कॉन्सेप्टाचं नाव न घेता. फर्गलनं ते काढलं आणि आपलं घातलं. 'हृद्य सोहळा' असा मथळा, खाली काचेच्या भांड्याचा फोटो. मी राजीनामा पाठवला. त्याची बातमी आली नाही. पुढच्या सभेला कोण उशिरा आलं ते मला माहीत नाही.

त्या मंगळवारी बाई आणि कॉन्सेप्टा दोघींना मी माझ्या गाडीतून ड्रमशॅलीला नेलं. गावाबाहेरच्या थांब्यावर एक माणूस बसची वाट बघत उभा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. कॉन्सेप्टा सीटवर खाली सरकली. कोण ते विचारायची गरज नव्हती. पुढे बराच वेळ ती तशीच बसून होती, गुडघे पोटाशी घेतलेल्या पोरीसारखी.

कोर्टात फर्गल नव्हता. नवऱ्याच्या बाजूनं त्यानं हाताखालच्या एका मुलीला धाडलं होतं. ती बिचारी कागद चाळत म्हणाली की आमचं म्हणणं मागच्यासारखंच आहे. न्यायाधीशांनी कॉन्सेप्टाला दोन प्रश्न विचारले आणि नवऱ्यानं घराकडे फिरकायचं नाही हा मार्चमधला आदेश वाढवून दिला. हीटर चालत होते, पार्किंग छान होतं. नवरा बाहेर पायरीवर उभा राहून आमच्याकडे बघत होता. ॲट्रॅक्टाबाई काठी टेकत नेमक्या त्याच्या समोरून गेल्या आणि म्हणाल्या, "बस चारला आहे रे तुझी. चुकवू नकोस."

येताना रस्त्यावरच्या हॉटेलात आम्ही सूप घेतलं. कॉन्सेप्टानं पहिल्यांदाच कोट काढून खुर्चीला अडकवला. दोन वाट्या सूप प्यायली, माझ्या ताटलीतला ब्रेडही खाल्ला. मग चमचा चाटत तिनं विचारलं, "ते लोक असे नेहमी जमतात?"

"दर महिन्याला सभा. नोव्हेंबरात जेवण."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

"अरे देवा," कॉन्सेप्टा म्हणाली, "घरी कुणी थारा देत नसेल त्यांना." आणि तिनं वेटरला हाक मारून आणखी लोणी मागवलं.