फग्याचा रस्सा

पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबले. दाताखाली तो तुकडा असा काही मऊ लागला, की अंगावर काटाच आला. जन्मात मटण खाल्लं नाही मी, पण म्हणून काय कळत नाही होय?

"काय आहे गं हे?" मी सुनेला विचारलं.

"फगा, आई. रगरूग म्हणून एक झुडूप असतं, त्याच्या मुळाशी वाळूत उगवतो. अळंबीच समजा. दोन महिन्यांपूर्वी पाऊस झालेला ना, माझ्या अब्बांनी वाळवंटात जाऊन खणून आणला."

वाळवंटात म्हणे अळंबी! वर्षाला चार थेंब पडायची मारामार, आणि म्हणे अळंबी. मला काय कुक्कुलं बाळ समजली? हिबा मूळच्या रत्नागिरीच्या, पण इथे आखातातच स्थायिक झालेल्या जमालभाईंची लेक. देवांशने तिच्याशी लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं मी पोटच्या पोराशी बोलले नव्हते. शेवटी राग गिळून इथे अल मजाजला आले, तर पहिल्याच जेवणात मला बाटवायचा घाट!

"आई, रिलॅक्स! मश्रूमच आहे ते," चिरंजीव बोलले. बायकोचा बैल मेला.

मीठ आणायच्या निमित्ताने उठले ती थेट स्वयंपाकघरात. कढईत पळी फिरवली. फ्रीजर उघडला, तर मटार, खवलेलं खोबरं, पराठे. पण माझं मन काही मानेना. शेवटी पदर खोचून कचऱ्याच्या डब्यात हात घातला. कांद्याची सालं, वाळूने माखलेली कसलीतरी जाड सालं. हाड म्हणून सापडेना.

"हाडं शोधताय?"

दारात हिबा उभी होती.

"दोन वर्षांत ह्या घरात मटण शिजलं नाही, आई. कधीतरी तुम्ही याल, भांड्यांना वास नको, म्हणून. मला खावंसं वाटलं तर मी माहेरी जाऊन खाते. पण आता खलास! उद्यापासून इथेच आणणार. काही न करता चोर ठरायचं, त्यापेक्षा करून तरी ठरते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी बोलत नव्हते, तेव्हा ही माझी वाट बघत होती.

"आण," मी म्हटलं. "घर तुझं आहे. माझा वरणभात तेवढा वेगळ्या भांड्यात लाव."

ती हसली नाही की रडली नाही. "आधी हात धुवा, रस्सा गार होतोय," एवढंच म्हणाली.

आणि मी, सासू असून, मुकाट्याने धुतले.