काच निवेपर्यंत

दातवाले काकांनी श्वास रोखला आणि दाढीचं पातं केसभर पुढे सरकवलं. पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला स्टँडवर उभी असलेली काच आधी लख्ख उजळली, मग करडी झाली आणि तिच्या मधोमध टेकडी वर आली. एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली. कालपरवा इतकं घासूनही बशीएवढी टेकडी जिथल्या तिथे होती.

"येरे माझ्या मागल्या," ते पुटपुटले आणि स्टुलावर मागे रेलले.

काकांचा धंदा कवळ्या करायचा. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या, पॉलिशचं चाक, आणि फळीवर ओळीनं मांडलेली बिनचेहऱ्याची हसू. नवखं माणूस आत आलं की दोन पावलं मागे सरकायचं. काकांची हौस मात्र आकाशाची होती. गावातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात ते जायचे, आणि दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून शनीची कडी बघून बघून त्यांना वाटायला लागलं होतं, की आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घासले, आता एक आरसा आपल्यासाठी घासावा.

हे घासणं म्हणजे वेड्याचा उद्योग. ताटाएवढी जाडजूड काच घ्यायची, तिला हातानं घासून घासून किंचित खोलगट करायची आणि शेवटी राळेच्या थापीवर चकचकीत करायची. ती नीट झाली का ते बोटाला कळत नाही, चष्म्यालाही कळत नाही. सुईच्या टोकाएवढ्या दिव्याचा उजेड काचेवर पाडायचा, तो परत येतो त्या वाटेत पातं सरकवायचं आणि पात्याच्या कडेवरून डोळा लावून बघायचं. मग काचेवरचे उंचवटे चंद्रावरच्या डोंगरांसारखे सावल्या टाकत उभे राहतात. उंचवटा तरी केवढा? केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा, तेवढा. पण तेवढ्यानंही चांदणी फिसकटते. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला उजेड, वाटेत कुठे न अडखळता आला, आणि अगदी उंबऱ्यावर येऊन आपल्याच काचेत ठेचकाळला, हे काकांना दारी आलेल्या पाहुण्याचा अपमान केल्यासारखं वाटे.

आणि ही टेकडी जात नव्हती. वरच्या खोलीत काका ती हलक्या हातानं घासत, काच रात्रभर आणि दिवसभर तशीच निवायला ठेवत, संध्याकाळी खालच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये बघत. टेकडी हजर. कधी मधोमध, कधी जरा डावीकडे सरकून, जणू हवापालट करून आलेली. मंडळातल्या भूमिती शिकवणाऱ्या बाईंनी राळ बदलायला सांगितली. काकांनी बदलली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग काकांच्या मनात जे आलं ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याची व्यवस्था मात्र लावली. त्यांचा हात गेला होता. काच खोटं बोलत नाही. ज्या हाताला एक टेकडी सपाट करता येत नाही, त्या हातानं लोकांच्या हिरड्यांवर बसणाऱ्या गोष्टी करू नयेत. कवळ्यांचं काम पाठवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी कळवलं, की नवं काम पाठवू नका. पॉलिशचं चाक आणि बाकीची यंत्रं बघायला उद्या सकाळी एक जण येणार होता. काकू एकदाच म्हणाल्या होत्या, की काच जमली नाही म्हणून दात कशाला सोडायचे. त्यावर काकांनी असं काही तोंड केलं, की त्यांनी तो विषय परत काढला नाही. आजची तपासणी शेवटची, असं काकांनी मनाशी ठरवलं होतं.

ते पातं काढून ठेवणार, एवढ्यात दार वाजलं.

दारात शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या, तोंडावर रुमाल धरून. वरची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती आणि उद्या त्यांच्या निरोपाचा समारंभ होता. शाळेत तीस वर्षं मुलांना स्पष्ट बोला म्हणून सांगितलं, आता शेवटच्या दिवशी आपणच असं बोलायचं का, एवढंच त्यांनी रुमालाआडून कसंबसं सांगितलं. काका म्हणणार होते, की मी काम बंद केलंय. पण दोन तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवलेले होते, आणि तुकडे हातात आले की काकांची बोटं आपोआप जोड शोधायला लागत.

तुकडे जुळवणं, मागून प्लास्टर, भेगेत मसाला भरणं, तो धरेपर्यंत थांबणं, कडा घासणं. तासभर गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी कवळी बसवली, जीभ फिरवली आणि भाषणाची पहिली दोन वाक्यं वर्कशॉपमध्येच म्हणून पाहिली. त्यांचे डोळे पाणावले.

"कुठे जोडलीय ते जिभेला कळतसुद्धा नाही हो."

काकांनी मान हलवली. जुनी सवय, दुसरं काय, असं त्यांना वाटलं.

पॅसेजमधला दिवा तसाच राहिला होता. बंद करायला म्हणून ते वाकले आणि वाकलेच आहोत तर म्हणून डोळा पात्याला लावला.

टेकडी नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला. पातं पुन्हा सरकवलं. टेकडीच्या जागी आता उथळ खळगा होता, तेवढाच गोल, तेवढाच मोठा. उजेडाच्या जागी सावली आणि सावलीच्या जागी उजेड. काच काही कणीक नव्हे, की झाकून ठेवली तर फुगेल आणि मग बसेल. काच हलते ती एकाच गोष्टीनं. ऊब लागली की फुगते, निवली की खाली बसते. मंडळात नवं माणूस आलं की पहिला धडा काकाच देत: काचेला बोट लावू नका, बोटाच्या उबेनं डोंगर उठतो. पण ही काच तर दिवसभर गार खोलीत होती. खाली आली तेव्हा गारच असायला हवी होती.

खाली आली. काका जागच्या जागी ताठ झाले.

गेल्या वर्षी त्यांचा खांदा आखडला. मेजावर पुढे-मागे घासायला तो कुरकुरत नसे, पण वजन घेऊन जिना उतरायचं म्हटलं की जीव जाई. तेव्हापासून काच वरून खाली काकूच आणत. काका तेव्हा खाली दिवा लावत बसलेले असत, त्यामुळे ती कशी येते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी एक लाकडी ट्रे करून दिला होता, एवढंच त्यांना ठाऊक.

त्यांनी हाक मारली. काकू हात पुसत आल्या.

"अगं, काच तू त्या ट्रेमधूनच आणतेस ना?"

काकू म्हणाल्या, "ट्रे जिन्यावर घसरतो. दोनदा जाता जाता वाचली. तेव्हापासून छातीशी धरून आणते."

"आणि पुढून?"

"पुढून हात. घट्ट. पण नुसता नाही हं, धुतलेलं कापड घेऊनच. एक डाग पडू दिला नाही मी." त्यांचा आवाज खाली आला. "काही बिघडलं का अहो?"

काका काचेपाशी गेले, कापड काचेवर धरलं आणि काकूंना त्यावर हात ठेवायला सांगितलं. काकूंनी बिचकत ठेवला. जरा वेळानं काकांनी त्यांना हात काढायला लावून स्टुलावर बसवलं, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं आणि पातं आपण सरकवलं.

इतकी वर्षं घरात हा उद्योग चालला होता, पण काकूंनी तिथे डोळा लावला नव्हता. तुमचं तुम्हाला, म्हणत त्या स्वयंपाकघरात जात. आता त्या बघत राहिल्या. करड्या काचेवर या वेळी गोल टेकडी नव्हती; स्थिर ठेवलेल्या हाताचा तळवा उठला होता आणि त्याला पाच लांबट टेकड्या फुटल्या होत्या. करंगळी जराशी वाकडी, त्यांच्या करंगळीसारखीच.

"हा माझा हात?"

"तुझाच. वर्षभर घासतोय मी तो."

काकूंनी तोंडावर हात नेला. "म्हणजे सगळं माझ्यामुळे. सांगायचं तरी होतं, मी जिना चढले नसते."

"चढली नसतीस तर काच वरच राहिली असती, आणि मी खाली," काका म्हणाले. "तो खळगा बघितला मी आत्ता. जिथे टेकडी दिसली, बरोबर तिथेच काढलीय. ना इकडे, ना तिकडे. हात गेला नाही गं माझा. सांगितलेलं काम करतोय तो अजून."

काकू बघत असतानाच बोटं एकेक करून विरत गेली आणि शेवटी तळवाही गेला. खळगा पुन्हा दिसू लागला. तो भरून काढता येतो का, असं त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं, की काचेत भर घालता येत नाही. बाकीची सगळी काच घासून घासून तेवढी खाली आणावी लागेल. तीन-चार महिने तरी जातील. हे सांगताना ते इतके खूष दिसत होते, की काकूंना हसू आलं.

सकाळी यंत्रं बघायला आलेल्या माणसाला काकूंनी चहा दिला, खोबऱ्याचं बिस्कीट दिलं आणि वाटेला लावलं. डॉक्टरीणबाईंकडून दुपारपर्यंत दोन साचे आले.

पुढच्या तपासणीच्या संध्याकाळी काकूंनी ट्रे काढला. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. नेहमीसारखीच आण, म्हणाले, जिन्यावर तूच पडलीस तर आरसा घेऊन मी काय चाटू? मग ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून बघत राहिले. काकू एकेक पायरी चाचपत उतरत होत्या, काच छातीशी, वर हात, हनुवटी जवळजवळ काचेवर टेकलेली. वर्षभर हे असं चाललं होतं आणि आपण पाठ करून दिवा लावत बसलो होतो, हे काकांना कुठेतरी फार लागलं आणि फार बरंही वाटलं.

काच स्टँडवर ठेवली. दिवा त्यांनी लावला नाही.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता ती निवायची. तासभर."

"आणि तोवर आपण?"

काका खालच्या पायरीवर बसले आणि भिंतीकडे सरकून जागा केली. काकू बसल्या. बाहेर उजेड अजून पुरता गेला नव्हता. काकूंना शनीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा काकांनी कड्यांपासून सुरुवात केली. कडी म्हणजे बर्फाचे नि दगडांचे तुकडे, सगळे आपापल्या वाटेनं फिरणारे. काकू म्हणाल्या, मग ते एकमेकांवर आपटत नाहीत का? काकांनी सांगितलं, की आपटतात, पण हळू. मग मुलीचा विषय निघाला, मग शेजारच्यांच्या नळाचा, मग लग्नानंतरच्या पहिल्या घराचा, जिथे जिनाच नव्हता. अंधार पडला. काकांना घड्याळाकडे न बघताही वेळ कळत होता.

"झाली असेल का हो गार?" काकूंनी विचारलं.

काच केव्हाच निवली होती.

"अजून नाही," काका म्हणाले.