दोघांचा भात

एकट्या माणसाच्या टेबलावरचं दुसरं ताट वेटर गुपचूप उचलत नाहीत. आधी ग्लास, मग काटा-सुरी, मग रुमाल, शेवटी ताट, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या टेबलांवरचे लोक मान वळवून बघून घेतात की ही बाई एकटीच आलेली दिसते. वालेन्सियात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक जेवणाला माझ्यापुढे हा सोहळा चालला होता. शुक्रवारी मी वैतागून वेटरला म्हटलं, राहू दे तो ग्लास, तुझं काय खातोय. त्याला वाटलं कुणीतरी यायचंय. मग तो दर थोड्या वेळाने येऊन विचारत राहिला, आल्या का तुमच्या मैत्रीण.

माझं नाव ओबदुलिया. घरचे ओबदू म्हणतात. पार वर स्पेनच्या उत्तरेला, पोनफेर्रादाजवळच्या खोऱ्यात मी शाळेची बस चालवायचे. पुढे डोंगरातली वळणं आणि पाठीमागे पोरांचा कालवा, यात आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही असं माझा मेव्हणा एउतिमियो सगळ्यांना सांगत असतो. विचारलं होतं एकाने, मीच नको म्हटलं, पण हे एउतिमियोला सांगावं इतका तो मला कधी जवळचा वाटला नाही.

दर ऑगस्टला मी माझ्या बहिणीच्या, तेलवाच्या, कुटुंबाबरोबर इकडे समुद्रावर यायचे. भाड्याचं घर असायचं. तेलवा आणि एउतिमियो, त्यांची दोन मुलं, आणि स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर मी. गाडी अर्थातच मी चालवायची. रविवारी सगळे भात खायला जायचो. इथे भात माणसं मोजून सांगतात, आणि जितकी माणसं तितकी मोठी दोन कानांची लोखंडी परात टेबलाच्या मधोमध येते. ससा, कोंबडी, चपट्या शेंगा, वर केशराचा रंग. एउतिमियो दरवर्षी तेच बोलायचा. "चौघांचा सांगा. आहोत पाच, पण आमची मेव्हणी काय, चिमणीएवढं खाते."

मी चिमणीएवढं खात नाही. थंडीच्या दिवसांत बर्फातून बस काढणारी बाई चिमणीएवढं खाऊन जगली नसती. पण परात चौघांची असायची. प्रत्येकाने आपापल्या समोरचा त्रिकोण कडेकडून मध्याकडे खात जायचं आणि शेजारच्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही, असा इथला शिरस्ता आहे. माझा त्रिकोण म्हणजे दोन भाचरांच्या त्रिकोणांमधली फट. आणि तळाची करपट खरवड, जिच्यासाठी खरं तर लोक हा भात खातात, ती काढायचा मान एउतिमियोचा. पंक्तिप्रपंच म्हणतात तो दुसरा काय असतो? पण मी कधी बोलले नाही. सुट्टीत कटकट नको म्हणून गिळत राहिले, आणि गिळायला भात तरी कुठे पुरेसा होता.

यंदा भाच्याने होणारी बायको आणली. तेलवा म्हणाली, जागेची जरा अडचण आहे ओबदू, तू घेशीलच समजून. मी घेतलं समजून. मग त्यांनी फोटो पाठवला. मोठी परात, भोवती पाच हसरे चेहरे. मी फोनवर सहज विचारलं, भात कितीचा सांगितला होतात. "पाच जणांचा," तेलवा म्हणाली. "पाच जण होतो ना." ती मुलगी सशाला हात लावत नाही, शेंगा वेचून खाते, तरी आल्याबरोबर तिला एक धरली होती. मला इतक्या वर्षांत कुणी एक धरलं नाही. फोन ठेवला आणि ठरवलं की आपण जायचं, एकटीने जायचं, आणि परातीसमोर बसून पोटभर खायचं.

ते घरी परतल्यावर तेलवाला सांगितलं तर ती हसली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच. एकटीला करमणार आहे का तुला? रविवारपर्यंत परत येतेस की नाही बघ." मागून एउतिमियो ओरडला, रविवार कसला, शनिवारीच येईल.

आता खरं सांगायचं तर मला करमलं नाही. दिवसभर चालायचे, देवळं बघायचे, नदीच्या जुन्या, कोरड्या पात्रात केलेल्या बागेतून हिंडायचे, पण कुणाला 'ते बघ' म्हणायची सोय नव्हती. बाजारात नको असताना संत्री घेतली, कारण संत्रीवाली दोन शब्द बोलायची. एकदा तर शहरातल्या बसमध्ये चढून चालकाच्या मागच्या सीटवर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, काही काम नसताना. तो गिअर जरा उशिरा बदलत होता. सांगावंसं वाटलं. पण त्याच्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. अशीच पाटी माझ्याही बसमध्ये होती आणि एकाही पोराने ती कधी मानली नाही. त्या पाटीखाली बसून मला रडू आलं.

शनिवारी दुपारी मी भाताच्या एका नावाजलेल्या खानावळीत गेले. वेटर चाळिशी उलटलेला, घाईतला. त्याने ग्लास उचलला, ताट उचललं, मग काय आणू म्हणाला. मी भात म्हटलं.

"भात किमान दोघांचा, बाई. एकाला करत नाही आम्ही."

का, तर म्हणे परात तेवढी लहान नसते, आणि स्वयंपाकघराला परवडत नाही. पलीकडे बारवर उंच स्टुलं आहेत, तिथे बसून आमलेट-पाव खा, तो एकट्यालाही मिळतो. हे सगळं तो सौजन्याने सांगत होता, म्हणून जास्त लागलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी उठले, बाहेर पडले, दुकानातून पाव आणि चीज घेतलं आणि बागेतल्या बाकावर बसून खाल्लं. समोरच्या बाकावर एक जोडपं भांडत होतं. मला त्यांचाही हेवा वाटला.

तेवढ्यात तेलवाचा फोन. माझा आवाज ऐकून ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, ये गं परत, उद्या साडेतीनची गाडी आहे, एउतिमियो स्टेशनावर घ्यायला येईल. टोमणा मारला असता तर मी तिला चार सुनावले असते. तिने माया केली आणि मी बरं म्हणून बसले.

रविवारी बॅग भरली, हॉटेल सोडलं आणि स्टेशनाच्या दिशेने निघाले. वाटेत तीच खानावळ. रविवारची दुपार, म्हणजे सगळी वालेन्सिया आपापले आजी-आजोबा, लेकरं, जावई घेऊन भात खायला बाहेर पडलेली. दारात रांग. आत परातींवर पराती चाललेल्या. रोझमेरीचा आणि करपल्या भाताचा वास रस्त्यापर्यंत येत होता. तो वास नाकात गेला आणि माझी पावलं थांबली. चौघांत पाचवी होते तेव्हा मला कुणी मोजलं नाही, आणि आज एकटी उभी आहे तर मला म्हणतात दोन हो. बॅग घेऊन मी रांगेत उभी राहिले.

खिडकीजवळचं छोटं टेबल मिळालं. कालचाच वेटर आला. त्याने मला ओळखलं आणि ग्लासकडे हात नेता नेता थांबला.

"भात," मी म्हटलं. "दोघांचा."

"कुणी येणार आहे का?"

"नाही."

तो म्हणाला बाई, संपणार नाही. मी म्हटलं तो माझा प्रश्न. तो म्हणाला आज रविवार, दारात नऊ माणसांचं कुटुंब खोळंबलंय, तुम्ही आपलं काहीतरी पटकन होणारं घ्या. मी म्हटलं नऊ जणांना या टेबलाशी उभं करून जेवू घालणार आहात का. मग तो गेला आणि मालकीणबाईंना घेऊन आला. ही फिनेता, सत्तरीची, कपाळाला घाम, कमरेला फडकं. पाहिल्या पाहिल्या मला राणी म्हणाली, पण इथल्या बायका सगळ्यांनाच राणी म्हणतात, हुरळून जाण्यात अर्थ नाही.

फिनेताने खोलीभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा उजळला. कोपऱ्यात एक गृहस्थ एकटाच बसला होता, पुढ्यात तळलेला मासा आणि पेपर.

"अगं राणी, तू एकटी, हे एकटे. जा की त्यांच्या टेबलावर. दोघांचा एक भात लावते. भातही वाया जाणार नाही आणि तुला बोलायला माणूस मिळेल."

आजूबाजूच्या टेबलांना ही कल्पना फारच आवडली. एक बाई म्हणाली माणूस सज्जन दिसतोय हो. दारातल्या नऊ जणांपैकी कुणीतरी म्हणालं, आणि टेबलही रिकामं होईल. तो गृहस्थ कानापर्यंत लाल झाला आणि माशाकडे बघत बसला. कुणी त्याला विचारलं नव्हतं, मला विचारलं नव्हतं, आमची सोयरीक मात्र जमली होती.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. तीन दिवस मी माणसाशी बोलायला तरसले होते. तिथे जाऊन बसले असते तर कदाचित चांगल्या गप्पाही झाल्या असत्या. पण मला बोलायला माणूस हवा होता, भाताची भरती करायला नको होता. आणि त्या बिचाऱ्याने तरी माझ्या परातीतला दुसरा का व्हायचं?

"बाई," मी म्हटलं, आणि आवाज बसमध्ये लावायचे तसा लागला, सगळी खोली गप्प झाली. "मला दोघांचा भात द्या. मी एकटी खाणार, याच टेबलावर. त्यांना भूक असेल तर त्यांनी त्यांचा मागवावा."

फिनेताने तोंड उघडलं, पण तिच्याआधी कोपऱ्यातून आवाज आला. त्या गृहस्थाने पेपरची घडी घातली होती.

"फिनेता, हा मासा घेऊन जा. सहा वर्षं दर रविवारी इथे मासा खातोय. मला मासा आवडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"एकट्याला भात देत नाही म्हणालात." मग तो वेटरकडे वळला. "मलाही दोघांचा आण. इथेच."

आज काय वेडाची साथ आली आहे का, असं पुटपुटत फिनेता आत गेली. पण भात लावला. भाताला वेळ लागतो, मध्ये ढवळून चालत नाही, घाई केली तर बिघडतो. घड्याळ माझ्यासमोरच भिंतीवर होतं. मी ते बघत बसले आणि बॅग पायाने टेबलाखाली सरकवली.

परात आली. वेटरने सवयीने दोन लाकडी चमचे ठेवले. या वेळी एक मी स्वतः उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि लिंबाची फोड जरा नीट ठेवली.

मी खायला सुरुवात केली. कडेकडून मध्याकडे, शिस्तीत. शितं मोकळी, सशाचं मांस मऊ, शेंगांना अजून दाताला लागेल इतका कडकपणा. परातीच्या मध्यावर आले आणि हात आपोआप थांबला. इतक्या वर्षांची सवय, पलीकडची हद्द दुसऱ्याची. मी तिथे चमचा धरून थोडा वेळ बसले. मग पलीकडे घातला.

एकटं वाटत होतं का? वाटत होतं. समोर कुणी असतं तर मीठ किंचित कमी आहे असं म्हणता आलं असतं. पण उपाशीपोटी एकटं वाटणं आणि भरल्या परातीसमोर एकटं वाटणं यात फरक आहे. कोपऱ्यातल्या गृहस्थाने तोंड भरलेलं असताना माझ्याकडे बघून चमचा उंचावला. मीही उंचावला. आमचं बोलणं एवढंच झालं.

भात संपत आला तेव्हा तेलवाचा फोन वाजला.

"बसलीस का गाडीत?"

"गाडी गेली."

"गेली? आणि तू काय करत होतीस?"

"जेवत होते."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. दोघांचा भात सांगितला आणि खाल्ला."

ती म्हणाली, बरी आहेस ना तू? मी म्हटलं बरी आहे, गुरुवारी येईन, अजून बंदर बघायचं राहिलंय. तिने आवाज खाली आणला. "पुढच्या ऑगस्टला तरी येशील ना गं आमच्याबरोबर?"

"येईन. पण भात सहा जणांचा सांगायचा, तेलवा."

मागून एउतिमियोचा आवाज आला, काय म्हणतेय ती. सहा जणांचा म्हणतेय, तेलवाने सांगितलं. सहा कोण, त्याने विचारलं. मी फोन कानाला लावून वाट बघत राहिले. मग तेलवा त्याला एकेक नाव सांगायला लागली. तुझं, माझं, दोन मुलांचं, होणाऱ्या सुनेचं. पाचव्या नावानंतर ती अडखळली, आणि मग म्हणाली, "आणि ओबदू."

मी फोन ठेवला आणि खरवड खरवडायला घेतली.