स्लॅबखालची सभा

दुधाच्या पातेल्यावरची ताटली खडखडली आणि मी दचकले.

दूध मीच ठेवलं होतं. ताटलीही मीच झाकली होती. घरात सगळे झोपलेले, गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, आणि मी ओट्याशी उभी राहून त्या पातेल्याकडंच बघत होते. तरी ताटली हलली तशी माझी नजर आधी वर गेली, छताकडं. अलीकडं हे असंच झालंय. कुठं काही वाजलं की मी वर बघते.

आमचं छत पत्र्याचं आहे. त्याला काही होत नाही.

आत माझी लाइबा आडवी पसरली होती, तिच्या बापाच्या, अझहरच्या पोटावर पाय टाकून. चार वर्षांची पोर, पण झोपेतसुद्धा मूठ आवळून धरते, कुणी काहीतरी काढून घेणार असल्यासारखी. मी हलकेच मूठ उघडून बघितली. काही नव्हतं. बोटं आपोआप परत मिटली.

दहा वाजता ग्रामसभा होती, आणि मी या गावची सरपंच.

पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्यानं आत वळलं की आमचं गाव लागतं. सरपंचपद बाईला राखीव निघालं तेव्हा माझे थोरले दीर, फारूखभाईसाब, यांनी माझं नाव पुढं केलं. ‘आमची दुल्हन मराठी शाळेत बारावी झालीये,’ म्हणाले. लोकांनी मत दिलं ते भाईसाबांना, चिन्हापुढं नाव तेवढं माझं, नौशीन. आणि का देऊ नये? गावात कुणाचं बाळंतपण अडलं की रात्री-अपरात्री त्यांचीच जीप निघते. लाइबाच्या वेळी मलाही त्यांनीच घाटी दवाखान्यात पोचवलं होतं. सभेत खुर्चीवर तेच बसायचे. मी सतरंजीवर बायकांत, ओढणी सावरत. सही लागली की ग्रामसेवक कागद माझ्यापर्यंत आणून द्यायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मग ते ट्रेनिंग आलं. महिला सरपंचांसाठी, शहरात, छावणीच्या अलीकडं एका हॉलमध्ये. दोन दिवस, मुक्कामी.

पहिल्या दिवशी निम्म्या बायकांचे नवरे दाराशी घुटमळत होते. शिकवणाऱ्या सोनिया मॅडमनी त्यांना चहाला पाठवलं आणि आतून कडी लावली. मग एकेकीला उभं केलं. ‘नवऱ्याचं नाव नको, तुमचं सांगा. आवाज पोटातून. पाय जमिनीवर घट्ट. ज्याच्याशी बोलायचं त्याचं आधी नाव घ्या, मग बोला.’ आम्ही हसत हसत शिकलो. मी तर लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी वाढलेलं जेवले.

दुसऱ्या दिवशी अभिरूप ग्रामसभा. म्हणजे खोटी खोटी सभा. एकीनं सरपंच व्हायचं, बाकीच्यांनी गावकरी. विषय मात्र आपल्या गावातला खरा घ्यायचा, असं मॅडम म्हणाल्या.

माझी पाळी आली आणि तोंडातून अंगणवाडी निघाली.

आमच्या अंगणवाडीची खोली भाईसाबांनीच ठेका घेऊन बांधलेली. पंख्याच्या हुकापासून कोपऱ्यापर्यंत स्लॅबला भेग गेलीये. मागं एकदा वरून गिलाव्याचा ढपला पडला, पोरं घरी गेल्यावर. लाइबा बसते तिथंच. अंगणवाडीच्या केसरबाईंनी तो झाडून टाकला आणि फक्त मला सांगितलं, ‘सरपंचबाई, मी आता पोरं दाराकडंच घेऊन बसते. पळायला बरं.’ त्यानंतरही मी लाइबाला रोज सोडत होते. बांधणाऱ्याच्याच घरची पोर येईना झाली तर गावानं काय समजायचं? सोडताना मी वर बघत नसे. बघितलं असतं तर तिचा हात सोडवला नसता.

खोट्या सभेत ठेकेदार झाल्या फर्दापूरकडच्या लक्ष्मीबाई. त्यांनी पदर खोचला, कानावर पेन अडकवला आणि झोकात म्हणाल्या, ‘सरपंचबाई, भेग न्हाय ती. स्लॅब श्वास घेतोय.’ हॉल हसला. मग त्यांना आणखी चेव आला. ‘अन् ज्याच्या घरचं खाता त्याच्याच कामाला नावं ठेवता व्हय?’

त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण माझ्या अंगावर काटा आला. कुठून बळ आलं देव जाणे, मी माइक हातात घेतला. ‘लक्ष्मीबाई, ही खोली आजपासून बंद. कुलूप मी लावते. पोरं झाडाखाली बसतील, पण या स्लॅबखाली एकही बसणार नाही.’

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, ‘हा आवाज गावी घेऊन जा.’

आवाज माझ्याआधीच गावी पोचला. कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता, त्यावरून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला. ती खोटी सभा होती हे त्यात कुठं दिसतंय? दिसतोय माझा चेहरा, माइक, आणि ऐकू येतंय आमच्या गावाचं नाव.

काल संध्याकाळी मी परतले तेव्हा भाईसाब जेवायला आमच्याकडंच होते. वांग्याचं सालन वाढलं तर ‘बस’ म्हणाले. मग फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. माझाच आवाज ताटांवरून फिरला. लाइबानं टाळ्या वाजवल्या. अंगणवाडीत जायला लागल्यापासून ती सगळं मराठीतच बोलते. ‘अम्मी फोनमध्ये आहे.’

‘अच्छी बोली, दुल्हन,’ भाईसाब म्हणाले.

ते ओरडले असते तर मला कमी भीती वाटली असती. त्यांनी सावकाश घास मोडला.

‘वो स्लॅब डाली तब मे महिना था. विहिरी आटलेल्या. मी पदरचा टँकर आणला, स्लॅबवर पाणी मारायला. बघतो तर दारात बायका घागरी घेऊन उभ्या. तुझी केसरबाई पण होती त्यात. अब तू बोल. स्लॅब को पानी पिलाता के लोगां को?’

त्यांनी घास सालनात बुडवला.

‘लोगां को पिलाया. दुसरा टँकर आला नाही. स्लॅब तशीच वाळली.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

‘मग पाडून परत...’ मी म्हणाले.

‘पाडून? सबके सामने बोलूं, फारूख का काम कच्चा है? उद्या या गावात कोण मला वीट रचायला बोलवेल?’ ते पाणी प्यायले. ‘कल की सभा चावडी पे नई. अंगणवाडीत. सगळे त्याच स्लॅबखाली बसतील, मी मधोमध. लोगां अपनी आंखों से देख लेंगे. तू रोजच्यासारखी सही कर, बाकी मैं देखता.’

‘आणि पडली तर?’

हे मी इतकं हळू विचारलं की मलाच नीट ऐकू आलं नाही. ते हात धुवायला उठले होते.

भांडी घासताना अझहर माझ्या मागं येऊन उभा राहिला. छावणीत गॅरेजमध्ये काम करतो तो. दिवसभर इंजिनांशी बोलतो आणि घरी आल्यावर गप्प असतो.

‘तू तरी सांग त्यांना,’ मी म्हणाले.

‘अब्बा गेले तेव्हा मी लाइबाएवढा होतो. भाईनं वाढवलंय मला. मैं क्या बोलूं?’ त्यानं धुतलेलं ताट उचललं, पुसलं, परत पुसलं. ‘तुला जे करायचंय ते कर. मेरेकू पूछ मत.’

सकाळी दूध उतरवलं आणि पेटीचं कुलूप काढून ओढणीखाली धरलं. लाइबाला घरी ठेवायचं ठरवलं होतं, पण अझहर आधीच बाहेर पडलेला. तिला कुणाजवळ ठेवू? सगळं गाव तर सभेलाच निघालेलं. तिचा हात घट्ट धरूनच निघाले.

अंगणवाडीसमोर लोक जमले होते. आत मात्र कुणी शिरत नव्हतं. ‘तुम्ही व्हा पुढं,’ ‘नाय नाय, आधी तुम्ही,’ असं लग्नाच्या पंगतीसारखं चाललं होतं. मला बघून कडुबामामा म्हणाले, ‘सरपंचबाई, छत्री आणली का? आम्ही विसरलो.’ लोक हसले, पण हसताना दोघातिघांनी दारातून आत, वर बघून घेतलं.

भाईसाब आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. कुणाशी न बोलता आत गेले, स्वतः खुर्ची उचलली, बरोबर भेगेखाली ठेवली आणि बसले.

‘या ना. आत सावली आहे.’

कडुबामामांनी चप्पल काढली. त्यांच्या मागं आणखी दोघांनी. माझे पाय कुठं आहेत तेच मला कळेना. मॅडम म्हणाल्या होत्या, पाय जमिनीवर घट्ट. इथली जमीनच हलत होती. कसं कोण जाणे, पण मी उंबऱ्यात जाऊन आडवी उभी राहिले.

‘कडुबामामा,’ मी म्हणाले. ‘आत जाऊ नका.’

‘का बरं? भाईसाब बसलेत की.’

‘ही खोली बंद आहे. सभा समोरच्या लिंबाखाली होईल.’

हॉलमधला आवाज नव्हताच तो. मधेच चिरकला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘अरे, व्हिडिओ लावा रे, परत बोलायल्या.’ पुन्हा हसू. माझे कान तापले. आता रडू आलं तर संपलंच.

तेवढ्यात केसरबाई पुढं झाल्या. माझ्याकडं बघितलं नाही, भाईसाबांकडं तर नाहीच. दाराशी अंथरलेली पोरांची सतरंजी गुंडाळली, काखेत मारली आणि लिंबाकडं चालू लागल्या. बायका एकेक करून त्यांच्या मागं. पुरुष तिथंच उभे, कोण काय करतं ते बघत. कडुबामामांनी चप्पल परत पायात सरकवली. ‘वारा तिकडं बरा लागतो,’ असं कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले आणि निघाले.

मी श्वास सोडला. सोडताना हातही सैल झाला असावा.

लाइबा माझ्या काखेखालून आत पळाली. ‘बडे अब्बा,’ करत सरळ त्यांच्या मांडीवर. रोजच चढते. त्यांनी सवयीनं तिला हातात घेतलं.

माझा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता.

वरून चिमूटभर भुगा खाली आला. माती, पिठाएवढी बारीक. लाइबाच्या केसांवर पडली. भाईसाबांनी बोटांनी झटकली, अगदी हळुवार, आणि मग पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.

त्यांचा तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. ऐन जवानीत भावाला वाढवणारा, अख्ख्या गावाला दवाखान्यात पोचवणारा माणूस एवढा घाबरू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी लाइबाला खाली उतरवलं. ‘जा बेटा. अम्मी के पास.’ ती उडी मारणार तोच त्यांनी तिचा दंड धरला. ‘पळू नको. हळू जा. पाय नको आपटू.’

ती हळू आली. मला वाटलं ती खोली संपतच नाहीये. ती हाताशी आली तशी ओढून पोटाशी धरली. केसांतली माती माझ्या तळव्याला लागली.

‘भाईसाब,’ मी म्हणाले. ‘तुम्हीही या. पाया पडते तुमच्या.’

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सभेत ठेवतात तसे. ‘दुल्हन, तू बोलली ना सबके सामने? मग कर.’

‘भाई,’ माझ्या मागून आवाज आला. अझहर. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

भाईसाबांनी त्याच्याकडंही बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर केसरबाईंनी चिकटवलेली फळांची चित्रं होती, तिकडं बघत बसून राहिले. लिंबाखालून सगळं गाव आमच्याकडं तोंड करून बसलं होतं. ओढणी सरकली होती आणि कुलूप माझ्या हातात सगळ्यांना दिसत होतं.

लाइबालाही दिसलं. तिनं कुलपाकडं बघितलं, मग आत, मग माझ्या तोंडाकडं.

‘अम्मी,’ तिनं विचारलं, ‘बडे अब्बा आत आहेत. मग तू कुलूप कसं लावणार?’