कोरड्या मग्याची फिर्याद

मी एक जुना तामचिनी मगा आहे. दोन लिटर मावतात माझ्यात. मी माणसांची लघवी मोजतो. मुरडलीत ना नाकं? मुरडा, मित्रांनो. मला सवय आहे. तुमच्या कमरेत दोन मूत्रपिंडं जन्मभर राबतात, आणि ती राबताहेत की झोपली आहेत हे ज्याच्यामुळे कळतं, त्याला तुम्ही मोरीखाली ढकलता.

माझा जन्म राजधानीतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, भट्टीत घालून पांढरं तामचिनी चढवलं आणि आतून निळ्या रेघा मारल्या, शंभर मिलीलिटरला एक. माझ्याबरोबर भट्टीतून निघालेली भावंडं दूध मोजायला गेली. मी दूर डोंगरातल्या नारिन शहराच्या इस्पितळात आलो. ज्याचं त्याचं नशीब.

तरी पहिली वीस वर्षं मानाची गेली. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर फेरीला आले की म्हणायचे, "आधी मगा दाखवा, माणूस नंतर." मला उजेडात धरायचे, रेघ बघायचे आणि मगच रोग्याकडे वळायचे. ते गेले आणि रक्त धुणारं मशीन आलं. त्याला वेगळी खोली, पडदा आणि हिवाळ्यात शेगडी. मला मोरीखालची ओल. मी त्या मशीनचा द्वेष करतो, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

एका शरदात तेमिरकुल अक्सकालला आणलं; अक्सकाल म्हणजे गावातला मानाचा म्हातारा. वय चौऱ्याहत्तर, सगळं आयुष्य मेंढ्यांमागे गेलेलं, स्वभाव काटेरी. कुणाच्या तरी मेजवानीत खाल्लेलं बाधलं. तीन दिवस जुलाब झाले. पाणी प्यायचं सोडून या गृहस्थानं गुडघेदुखीच्या गोळ्या मूठमूठ गिळल्या. मूत्रपिंडं बसली. मशीननं त्याला वाचवलं, हे मी मान्य करतो, पण कौतुक करणार नाही.

अंगावरची सूज उतरल्यावर त्याला घरी सोडलं. आठवड्यातून तीनदा गावाहून यायचं आणि रक्त धुऊन परत जायचं. डॉक्टरीणबाई त्याच्या सुनेला म्हणाल्या, "या वयात वेळ लागतो, पण कधीकधी मूत्रपिंडं पुन्हा जागी होतात. तीन महिने वाट बघू. रोजची लघवी मोजायची आणि लिहून आणायची. लघवी वाढली तर आशा आहे." बाकेन नर्सनं मला मोरीखालून ओढलं आणि सुनेच्या हातात कोंबलं. "हरवलास तर दुसरा नाही," असं मलाच म्हणाली.

सुनेचं नाव साल्किन. नवरा रशियात बांधकामावर. अकरा वर्षं ती त्या घरात केलिन म्हणून नांदत होती, म्हणजे सासऱ्यापुढे डोक्यावर रुमाल, त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि आवाज चढवायचा नाही. अशा बाईनं मला सासऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि खालमानेनं म्हणाली, "अताके," म्हणजे बाबा, "डॉक्टरांनी सांगितलंय."

तेमिरकुलनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी दारात मेलेलं कुत्रं टाकावं. "माझी लघवी सून मोजणार? त्यापेक्षा मला आत्ताच पुरा," एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

आणि तो गोठ्यामागे जाऊ लागला. उजाडायच्या आधी, गुपचूप.

माझी खिडकी गोठ्याच्याच बाजूला. मला सगळं ऐकू यायचं. आधी नुसती ठिबक. महिन्याभरानं बारीक धार. सहाव्या आठवड्यात तर बर्फात खड्डा पडेल असा आवाज. मूत्रपिंडं जागी झाली होती, मित्रांनो. आणि मी कोरडा ठणठणीत. साल्किन रोज सकाळी दारातूनच माझ्यात डोकावायची आणि वहीत शून्य लिहायची. सासऱ्याला विचारणं तिच्या जिभेला माहीत नव्हतं. त्याला तर सांगायचंच नव्हतं, आणि लघवी वाढली म्हणजे सुटका जवळ आली, हे त्याला कुणी समजावलंही नव्हतं. दोन शहाणी माणसं एकमेकांची लाज राखत एका म्हाताऱ्याला मारत होती आणि मला तोंड नव्हतं.

इस्पितळात रक्ताचे आकडे जरा बरे आले की सगळे म्हणायचे, मशीनची कृपा. वहीत शून्यच होतं ना.

तीन महिने संपले. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि मिटली. "आता आशा धरण्यात अर्थ नाही. गुरुवारी हाताची शस्त्रक्रिया करू, म्हणजे दर वेळी सुई लावायला शीर तयार होईल. हे जन्मभर चालणार. आठवड्यातून तीनदा एवढा रस्ता कायम झेपायचा नाही, शहरातच खोली घ्या."

त्या संध्याकाळी तेमिरकुल शेजाऱ्याशी बोलला. साल्किन दाराआड चहा ओतत होती. "शहरात खुराड्यात राहून सुया टोचून घेणार नाही मी. बर्फ वितळेपर्यंत ओढतो. मग जाणं बंद. मेंढ्या वरच्या कुरणात नेतो आणि तिथंच डोळे मिटतो." साल्किनच्या हातातली चहाची वाटी भरून सांडली.

दुसऱ्या दिवशी शेण भरायला ती गोठ्यामागे गेली. एरवी त्या कोपऱ्यात कुणी जात नाही. बर्फात पिवळे खड्डे होते, एकाशेजारी एक, आणि त्यांच्याकडे जाणारे सासऱ्याच्या रबरी बुटांचे ठसे. तिनं ते खड्डे एकेक करून मोजले. मग फावडं घेऊन तिथंच पाय रोवले.

म्हातारा आला. सून हटेना.

"बाजूला हो."

"नाही होणार. घरात मगा ठेवलाय."

"लाज नाही वाटत?"

"अकरा वर्षं वाटली. त्या लाजेपायी तुम्ही मरायला निघालात."

"सून आहेस की पोलीस?"

"आज पोलीस आहे, अताके. उद्याचं उद्या बघू."

त्यानं तिला काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. तिनंही ऐकून घेतलं नाही. तिच्या माहेरच्या हट्टी गाढवांपर्यंत दोघांनी मजल मारली. पण मूत्रपिंडं जागी असली की ती मानमरातब बघत नाहीत. दुपारपर्यंत म्हातारा कळ काढत अंगणात फिरला आणि अखेर दात खात माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत मी चौदाव्या रेघेपर्यंत भरलो. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

साल्किननं मला उचललं. तेमिरकुल ओरडला, "निदान झाक तरी."

"झाकूनच तर हा घोळ झालाय," ती म्हणाली.

आणि मला उघडाच हातात घेऊन ती भर गावातून गाडीच्या थांब्यावर गेली. मागून तोंड लपवत सासरा. बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "अगं, ते काय?" साल्किन म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचं आहे. चौदाशे." गाडीवाला म्हणाला, "हे घेऊन चढायचं नाही." ती चढली. "सावकाश चालव. सांडलं तर तुझ्याच शिटावर सांडेल." नारिनपर्यंत त्या गाडीइतकी हळू गाडी त्या रस्त्यानं पाहिली नसेल.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं. मग वहीतली शून्यं पाहिली, मग म्हाताऱ्याला. "किती दिवसांपासून?" "दोन महिने झाले," तो छताकडे बघत म्हणाला. बाकेन नर्स म्हणाली, "अक्सकाल, उगाच टोचून घेतलंत एवढे दिवस." डॉक्टरीणबाई तिच्यावर उखडल्या. "आपण तरी कधी विचारलं? वहीवर विसंबलो." गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द झाली. रक्त धुणं दोनदा टाळून पाहिलं, आकडे टिकले. पंधरा दिवसांत मशीन सुटलं. मूत्रपिंडं पूर्ण नाही, निम्म्यावर आली होती. म्हणून हुकूम असा: दुखण्याच्या गोळ्या बंद, पाणी भरपूर, आणि मोजणं चालूच ठेवायचं.

त्या दिवशी परतीच्या वाटेत तेमिरकुल सुनेला एवढंच म्हणाला, "सगळ्या गावापुढं नागवं केलंस मला."

"हो. म्हणून ऐकवायला जिवंत आहात."

तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. तो तिच्या हातचा चहा घेत नाही, स्वतः ओततो आणि सांडतो. ती रुमाल बांधते, पण मान खाली घालत नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस आजारातून उठलं असेल, तर त्याची मूत्रपिंडं मेली असं ठरवून मोकळे होऊ नका. मोजा. विचारा. लाज वाटली तर वाटू द्या, लाजेनं कुणी मरत नाही. लाज राखताना मात्र मरतात. हे मी मोरीखालून पाहिलंय.

आता आम्ही वरच्या कुरणात आलो आहोत. मेंढ्या आहेत, गवत आहे, म्हातारा आहे. रोज सकाळी तो आपल्या तंबूतून बाहेर येतो, मला उघडाच दोन्ही हातांनी धरून सगळ्या शेजाऱ्यांदेखत चालत येतो, आणि साल्किनच्या दारात दाणकन ठेवतो. एक शब्द बोलत नाही. ती येते, वाकून रेघ बघते आणि वहीत लिहिते. ती लिहून होईपर्यंत तो जागचा हलत नाही.

आज सतराशे.